दोघींलेही हो म्हणून आली

अहो,

तुम्ही झोपले होते म्हणून उठवलं नाई, मी ड्यूटीवर चालली. भाकरी अन् झुणका झाकून ठेवला आहे. वड्यांसाठी सांबाराच्या हिरव्या जुड्या आणल्या, कोथिंबीर म्हणतात तोच सांबार, निवडून-धुऊन चाळणीत निथळत ठेवला आहे, तो तसाच राहू द्या. आज वड्या करायच्या का नाई, हेच मले समजून नाई राहिलं.

काल वर्ध्याच्या कॅन्टीनवाल्या मंदाबाई पुन्हा म्हणाल्या, "रविवारच्या वड्यांनी भागत नाई पोरी, रोज देत असशील तर सांग." म्हणून मी दवाखान्यात अर्ध्या दिवसाची ड्यूटी मागितली. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण दिवस येत असशील तर ये, नाही तर मी दुसरी नर्स पाहते." मी दोघींलेही हो म्हणून आली. काऊन म्हटलं, मलेच माहीत नाई.

रात्री तुमाले विचारलं, तर तुम्ही "तुझी मर्जी" म्हणून टीव्ही लावला. मोबाईलचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही धंद्याचं नावच काढत नाई, अन् मीही विचारत नाई. दुकानासाठी तुम्ही नोकरी सोडत होते तेव्हा मी "सोडा" तरी म्हटलं होतं. आज मलेही कोणी "सोड" म्हणणारं पाहिजे, नाई तर "नको सोडू" म्हणणारं.

संध्याकाळच्या बसनं येतो, पुलगावच्या स्टँडवर घ्यायले येजा. घरी आईंसमोर बोलणं होत नाई. रस्त्यानं मले एवढंच सांगजा, दुकान होतं तेव्हा तुम्ही खुश होते का?

वर्षाली