गुरुवारच्या आवाजाबाबत

प्रति,
मा. केंद्र संचालक,
उपनगर नभोवाणी केंद्र,
मुलुंड (पश्चिम), मुंबई.

विषय: पुसल्या गेलेल्या ध्वनिफितीवरील हक्क सोडून देणे व त्याऐवजी एक बारीकशी विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज.
२) "प्रत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही" असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार जयवंत धाकू राऊळ, राहणार भटवाडी, घाटकोपर (पश्चिम), हा पूर्वी गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होता आणि संपानंतर कुठेच नाही. प्रस्तुत अर्ज विनोदी नाही, हे सुरुवातीलाच नमूद करणे भाग पडत आहे. अर्जदाराचा कुठलाही कागद सरकारी टेबलावर गेला की वाचणारा आधी खुर्ची मागे सरकवून हसायच्या तयारीला लागतो. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. अर्जदाराने हयातभर दुसरे काही केलेच नाही.

२. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचे तर एक तर ओठांवरून ओळखावे लागते, नाही तर आवाज तरी तसा कमवावा लागतो. अर्जदाराने आवाज कमावला. चाळीत सत्यनारायणाची पूजा झाली की हौशी मंडळींचा कार्यक्रम होई. त्यात तो बगलेत फाईल मारून उभा राही आणि पद्यात अर्ज वाची. यमराजाकडे मुदतवाढीसाठी, रेशनच्या साखरेकडे भेटीची वेळ मिळण्यासाठी, आणि सर्वांत जास्त वन्समोअर घेतलेला हा नळाकडे:

नळसाहेब, अर्ज करतो, दर्शन द्यावे कधी तरी,
हंडा घेऊन उभे आहोत तीन पिढ्या तुमच्या दारी.

पुढे गणपतीच्या दिवसांत घाटकोपरपासून बोरीवलीपर्यंतची मंडळे त्याला बोलावू लागली. एका मंडपात पाणीखात्याचे एक साहेब पहिल्या रांगेत बसून डोळे पुसेपर्यंत हसले, स्टेजवर येऊन अर्जदाराला नारळ दिला आणि घरी गेले. त्या गल्लीतला नळ कोरडा तो कोरडाच. आपल्या कवितेने कोणाचे काही बिघडत नाही, हे अर्जदाराने त्याच दिवशी ओळखायला हवे होते. पण टाळ्या वाजत असताना अक्कल कुठे ठिकाणावर असते?

३. त्यानंतर आपल्या केंद्राने त्यास कामगारांच्या गुरुवारच्या कार्यक्रमात घेतले. ध्वनिमुद्रण आधी होई, त्यामुळे प्रक्षेपणाच्या वेळी अर्जदार घरी खाटेवर बसून स्वतःलाच ऐके. पत्नी सौ. शेवंती हातातले काम टाकून रेडिओजवळ येई. खाटेवरचा नवरा आणि रेडिओतला नवरा यांत तिला रेडिओतला अधिक पसंत होता, असे ती चारचौघांत सांगे. कारण तो जेवायला मागत नाही. अर्जदारही तिला सोडत नसे. त्यांचा संसार पगारावर चालला, पण टिकला तो या चेष्टामस्करीवर.

४. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, जीव राहिला, आवाज गेला. डॉक्टरांनी हा सौदा फायद्याचा असल्याचे सांगितले आणि पाटी-पेन्सिल वापरण्याचा सल्ला दिला. सल्ला उत्तम आहे. अडचण एवढीच की सौ. शेवंती शाळेची पायरी चढलेली नाही. पाणी, चहा, पंखा, हे हाताने सांगता येते. थट्टा हाताने करता येत नाही. शेजारच्या खोलीतली शकु नोकरीवरून संध्याकाळी आली की पाटी वाचून दाखवते, परंतु नवऱ्याने बायकोला म्हणायच्या गोष्टी तिसऱ्याच्या तोंडून कशा निघणार? ओठांवरून ओळखणारे साचेखात्यातले सोबती होते, ते संपानंतर पांगले. कोणी मालवणास परतला, कोणी मानखुर्दला भाजी विकतो. घरात बोलणारे असे कोणी उरले नाही. शेवंती दर गुरुवारी रेडिओ लावून बसते, कधी तरी जुने काही लागेल म्हणून.

५. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे शिल्लक असलेल्या त्याच्या एकमेव फितीची प्रत मागितली. उत्तर आले की प्रत फक्त चालू यादीतील कलाकारास मिळते. अर्जदाराचे नाव यादीतून गळले होते, कारण तो बराच काळ बोलला नव्हता. नाव पुन्हा घालण्यासाठी स्वरचाचणी आवश्यक होती. अर्जदार स्वरचाचणीस हजर राहिला. लाल दिवा लागला. काचेपलीकडून "सुरू करा" अशी खूण झाली. अर्जदाराने गळ्याची पट्टी दाखवली, तेव्हा तेथील गृहस्थ पोट धरून हसले व त्यांनी अंगठा वर केला. दिवा विझेपर्यंत अर्जदार तसाच उभा राहिला. निकाल टपालाने आला: आवाज असमाधानकारक, सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा.

६. यावर अर्जदाराने सविस्तर अर्ज केला. त्यात वर सांगितलेले सर्व लिहिले आणि शेवटी, मनाचा हिय्या करून, शेवंतीला वाचता येत नाही हेही लिहिले. आवक विभागातील लिपिकाने अर्जदाराचे नाव पाहिले आणि पिढीजात शहाणपणाने तो अर्ज कार्यक्रम विभागाकडे धाडला. तेथे त्यावर "संहिता" असा शिक्का बसला. समासात अधिकाऱ्यांनी लिहिले, "नेहमीप्रमाणे झकास. शेवट रडका आहे, कापावा." अर्जदाराच्या उभ्या आयुष्यात मंजूर झालेला हा पहिला अर्ज. अर्जदार स्वतः येऊ शकत नसल्याने तो वाचण्याचे काम बोरीवलीचे श्री. नंदकिशोर पाठारे यांस दिले गेले. हे दिवसा बँकेत असतात आणि संध्याकाळी लोकांच्या नकला करतात; वरील शिक्का व शेरा अर्जदाराने पुढे त्यांच्याकडच्या संहितेवरच पाहिला. ध्वनिमुद्रणास कोरी फीत नव्हती. एका मालिकेस एकच फीत, हा नियम. तेव्हा मालिकेची जुनी फीत काढली, पुसली, आणि तिच्यावर तिचीच प्रत मिळावी म्हणून केलेला अर्ज भरला. याप्रमाणे अर्जदाराचा आवाज या जगातून नाहीसा झाला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, हे अर्जदार शपथेवर सांगू शकतो. त्याने उलट वाईट वाटते.

७. फीत पुसल्याचे कळवणारे आपले संदर्भ क्र. २ चे पत्र गुरुवारी सकाळी मिळाले. ते शेवंतीला कसे सांगावे हे अर्जदारास दिवसभर सुचले नाही. संध्याकाळी शकु आलेली असताना शेवंतीने सवयीने रेडिओ लावला आणि श्री. पाठारे सुरू झाले.

महोदय, त्या माणसाची तारीफ केली पाहिजे. अर्जदाराचा खर्ज, ओळ संपताना घेतलेला हेलकावा, हशा येण्याआधीचे थांबणे, सगळे जसेच्या तसे. शेवंतीच्या हातातली परात तशीच राहिली. स्वरचाचणीचा प्रसंग आला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता रडली. मग शकुला म्हणाली, "बघ गो, ऑपरेशनाच्या आधीच म्हणान ठेवल्यानी, माझ्यासाठी. माका काय सांगूक नाय." ऑपरेशनानंतरच्या गोष्टी त्याआधी कशा म्हणून ठेवता येतील, हा हिशेब तिने केला नाही.

निवेदिका नाव सांगण्याच्या बेतात असतानाच शकुने, का कोण जाणे, रेडिओ बंद केला. अर्जदाराने पाटीवर लिहिले की हा आवाज माझा नाही, आणि पाटी शकुपुढे धरली. शकुने ती वाचली. मग म्हणाली, "काका म्हणतायत, भूक लागली, वाढ लवकर."

शेवंतीने खाटेकडे पाहून हात उडवला, रेडिओतला बरा म्हणाली आणि ताट घेतले. अर्जदाराने पाटी पुसली. कित्येक महिन्यांनी शेवंती त्या दिवशी पोटभर जेवली.

८. तरी आता विनंती. फीत गेली ती गेली. तिच्याबाबत अर्जदाराची कसलीही तक्रार उरलेली नाही आणि पुढे करणारही नाही. श्री. नंदकिशोर पाठारे यांचे गुरुवारचे वाचन चालू ठेवावे. मजकूर अर्जदार पुरवील, विनामूल्य, हात चालतो तोवर. फक्त वाचणाऱ्याचे नाव प्रक्षेपित करू नये. मजकुरात मधूनमधून शेवंतीचे नाव न घेता एखादी कोपरखळी असेल. इतर श्रोत्यांस ती कळणार नाही, तरी ती कापू नये. श्री. पाठारे यांच्यावर यात अन्याय होतो, हे अर्जदार जाणतो. स्वतःचे नाव ऐकू येण्यासाठी माणूस काय काय करतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यांच्या पाया पडावयास तो बोरीवलीला जाऊन आला. ते गृहस्थ भले आहेत, परंतु नाव घेणे नियमात आहे आणि नियम आपल्या हाती आहे, असे त्यांनी सांगितले. नियम बदलत नाहीत, हे अर्जदारास अनुभवाने ठाऊक आहे. ही विनंती मान्य होईल असे त्यास मुळीच वाटत नाही. तरीही अर्ज केला, कारण त्याला दुसरे काही येत नाही.

९. आणि एक. प्रस्तुत अर्ज आवक विभागातून नेहमीच्या वाटेने कार्यक्रम विभागाकडे जाईल, तेथे तो बरा वाटेल, आणि या वेळी शेवटही कोणी कापणार नाही, ही भीती अर्जदारास आहे. महोदय, हा अर्ज वाचू नये. शेवंती रेडिओजवळ बसलेली असते.

आपल्या केंद्राचा माजी आवाज व आजी श्रोता,

जयवंत धाकू राऊळ
घाटकोपर, दि. १८ ऑगस्ट १९८६

सोबत: पुढच्या गुरुवारचा मजकूर. हा खुशाल वाचावा.