पडद्यावरची बाळंतीण

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. नर्सिंग कॉलेजात आणलेल्या त्या एआयच्या पेशंटवर सराव करून सकाळी माझ्या विद्यार्थिनीनं, शीतलनं, शाबासकी मिळवली. पडद्यावरची ती बाळंतीण काय विचारलं की घडाघडा सांगते. कुठं दुखतं, कधीपासून, कसं. अशी बाळंतीण मी तरी जन्मात बघितली नाही!

दुपारी वॉर्डात नेसरी गावची खरी बाळंतीण होती. शीतलनं तेच प्रश्न विचारले. कॉटला टेकून उभी असलेली सासू म्हणाली, "काय न्हाय तिला. बरी हाय की." शीतल मान डोलावून पुढच्या कॉटकडं निघाली. कॉटवरच्या पोरीचे ओठ पांढरेफटक पडलेत, ते दिसलंच नाही?

मी सासूला म्हटलं, "मावशी, हिच्यासाठी गरम पाणी आणा जरा." ती बाहेर गेली तशी पोरगी पुटपुटली, "सकाळधरनं लई रगत जातंय. आत्ती म्हणत्यात, समद्यांचंच जातंय." मी हाक मारली, डॉक्टर धावत आले म्हणून निभावलं.

शीतल रडवेली झाली. "मॅडम, मी विचारलं होतं की!"

विचारलं होतंस गं. उत्तर कुणी दिलं?

प्रिन्सिपल मॅडमना सगळं सांगितलं, तर म्हणतात, "शीतल कच्ची आहे. तिला मशीनवर जादा सराव द्या." आणि सासूला बाहेर कसं काढायचं, ते मशीन शिकवणार व्हय?

उद्या शीतल परत त्या बडबड्या बाईसमोर बसणार. परत शाबासकी मिळणार. का नाही मिळणार? त्या बाईला सासूच नाही.