अकरा दहाचा फोन

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

अकरा वर्षांनी पुन्हा डबा घेऊन घराबाहेर पडलो. निघोज्याच्या या कंपनीत आमची सून पूनम खरेदी विभागात आहे. रिसेप्शनवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून तीन महिन्यांसाठी मला बोलावलं. ऑफिस सांभाळणाऱ्या निवेदिता मॅडमनी माझ्या खुर्चीला स्वतः उशी लावून दिली. म्हणाल्या, काका, भोसरीच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतात, आमच्या साठ माणसांचं काम तुम्हाला खेळच वाटेल. मी सातवी नापास आहे हे पूनमने सांगितलेलं दिसत नाही.

चहाबरोबर क्रीमरोल मिळाला. पहिला फोन उचलून ‘नमस्कार’ म्हटलं आणि आवाज अजून तसाच आहे हे बघून बरं वाटलं. रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलं आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

इथलं जुनं यंत्र सारखं बंद पडतं, म्हणून इंटरनेटवर चालणारे फोन घ्यायचे आहेत. धनेश नावाचा विक्रेता दोन प्रकार घेऊन आला. एकेक आठवडा वापरून बघायचे. मॅडम म्हणाल्या, फोनवर आयुष्य काढलेला माणूस इथं एकच आहे, तुम्ही सांगाल तो घेऊ.

एवढी जबाबदारी कशाला, असं वाटलं. तरी जमेल तसं विचारलं. साठजणांत एका वेळी किती जण बोलू शकतील? नेट गेलं तर बाहेरून येणारा फोन कुठं वळेल? गुरुवारी इथं वीज नसते, तेव्हा काय? धनेश हसून म्हणाला, “काका, इंजिनिअर लोकं पण एवढं विचारत नाहीत राव!” फार बरं वाटलं.

मग त्याने दोन्हींतला फरक सांगितला. पहिला साधा आहे. दुसरा प्रत्येक फोन टिपून ठेवतो, न उचललेलासुद्धा. कोणी केला, किती वाजता, काय निरोप दिला. “यात काहीच हरवत नाही, काका. फोन आलाच नव्हता, असं कोणी म्हणूच शकत नाही.”

मी विषय बदलून किंमत विचारली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर वीज नव्हती. पहिल्या प्रकाराचे फोन अर्धा तास बॅटरीवर चालले, मग पडदे काळे झाले. फोन करणाऱ्याला हे कळत नाही. तो आपला लावतच राहतो. वहीत नोंद केली, मोठी बॅटरी हवी.

त्या शांततेत भोसरीचा खिळा आठवला. माझ्या टेलिफोन बोर्डाशेजारी भिंतीत एक खिळा होता. कामगाराच्या घरून फोन आला की निरोप चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी खिळ्याला टोचायची आणि शिफ्ट सुटताना द्यायची. मधे कुणाला मशीनवरून उठवायचं नाही. तशी पद्धतच होती. सगळीकडे होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फोन लागल्यावर आधी ऐकू येणारं स्वागत माझ्या आवाजात भरलं. “नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” चार वेळा चुकलो. दर वेळी ‘महत्त्वाचा’ या शब्दावरच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूनम म्हणाली, “मामंजी, रेडिओवर जायला पाहिजे होतं तुम्ही.”

सोमवार, १० नोव्हेंबर

दुसरा प्रकार लावला. दुपारी पडद्यावर तीन न उचललेले फोन दिसले. अकरा दहा, अकरा पंचवीस, बारा पाच. मी जागचा हललो नव्हतो आणि घंटा वाजली नव्हती. तिन्ही फोन एकाच सहा आकडी नंबराचे. धनेश म्हणाला, सहा आकडी नंबर आता नसतातच, डेमोमधला कचरा असेल. त्याने ते पुसले.

मला तो नंबर पाठ आहे. कुरुळीतल्या किराणा दुकानाचा आहे. होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा तीन. त्याच वेळा.

लिहून टाकतो. साल शहाण्णव. लेथवर ज्योतीराम होता. लातूरकडचा, राहायला कुरुळीत. त्याची बायको कुसुम हिचा त्या किराणा दुकानातून अकरा दहाला फोन आला, पिंकीला झटके येताहेत, त्यांना कंपनीची जीप घेऊन लगेच पाठवा. पिंकी त्यांची चार वर्षांची पोर. मला सकाळीच सुपरवायझरने झापलं होतं, घरगुती फोनांवरून. मी म्हटलं, “बाई, शिफ्ट चालू आहे. निरोप लिहून ठेवतो.” चिठ्ठी खिळ्याला लावली. अकरा पंचवीसला पुन्हा तिचा फोन, माझं तेच उत्तर. बारा पाचला ती नुसती रडत होती. “दादा, एकदा बोलवा की हो.” मी लाइन तोडली.

शिफ्ट सुटायच्या आत पोर गेली. गावचा माणूस गेटवर सांगत आला, आणि भोंगा होताच ज्योतीराम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझा फोन आला होता का? मी म्हटलं, फोन आलाच नाही.

चिठ्ठी खिशात होती.

कुसुम सांगत राहिली, मी तीनदा लावला होता. कुणी ऐकलं नाही. त्याने तिला माहेरी धाडलं. दोन वर्षांनी तिने विहीर जवळ केली. ज्योतीराम अजून आहे, दिघीत. आजारी असतो. भोसरीचे जुने लोक सांगतात, अजून बायकोला बोल लावतो, एक फोन केला असता तर.

चिठ्ठी या वहीच्या कव्हरात आहे. फेकवत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वीज नाही. बॅटरी संपली. नेट नाही. अकरा दहाला काळ्या पडद्याचा फोन वाजला.

मॅडम समोर बसून फाइल चाळत होत्या. त्यांना ऐकू आला नाही. मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, काका, पाणी प्या.

अकरा पंचवीसला पुन्हा. बारा पाचला मी उचलला. पलीकडून एका पोरीचं घरघरणं ऐकू येत होतं, आणि कुणीतरी काउंटरवर नाणी ठेवत होतं, एकेक.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं, पहिलाच घ्या. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, बोलणं टिपून ठेवलेलं लोकांना आवडत नाही. त्यांनी विश्वास ठेवला आणि सही केली. काका, तुमच्यामुळे सोपं झालं, म्हणाल्या.

साठ माणसांचे निरोप पुन्हा खिळ्याला टांगले मी. परत खोटं बोललो. सवय आहे हाताला, जिभेला—

सोमवार, १७ नोव्हेंबर

पहिला प्रकार लावला. हा काहीच टिपत नाही.

एका ग्राहकाने मॅडमकडे तक्रार केली. तुमच्याकडे फोन लावला की एक म्हातारा म्हणतो, शिफ्ट चालू आहे, निरोप लिहून ठेवतो. मग लाइन तुटते.

मॅडमनी स्वतः लावून बघितला. त्यांना स्वागत नीट ऐकू आलं. मीही लावून बघितला—

मला नीट ऐकू आलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वहीच्या कव्हरात चिठ्ठ्या तीन झाल्या आहेत. अक्षर माझंच. मी एकच लिहिली होती. एकच—

दिघीला खबर विचारली. ज्योतीराम दवाखान्यातून घरी आणलाय. डॉक्टरांनी हात टेकले म्हणे. नंबर मिळाला. उद्या सांगतो. उद्या नक्की—

बुधवार, १९ नोव्हेंबर

धीर झाला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वीज नाही. ऑफिसातले सगळे खाली चहाला गेलेत. अकरा दहाला मीच उचलून ज्योतीरामचा नंबर फिरवला. मेलेल्या फोनवरून रिंग गेली. रिसीव्हर कानाला लावून लिहितो आहे, जुनी सवय.

उचलला. माझाच आवाज. तरुण. “बाई, शिफ्ट चालू आहे. निरोप लिहून ठेवतो.” मी म्हटलं, बाई नाही मी, ज्योतीरामला द्या, महत्त्वाचं आहे— तुटला.

अकरा पंचवीस. परत लावला. तेच. मागे लेथ चालू आहेत. ओरडून सांगितलं, चिठ्ठी खिळ्याला लावू नको. कागदावर पेन फिरतंय, मला ऐकू येतंय— तुटला.

बारा पाच. पूनम चहा ठेवून गेली. मामंजी, कुणाशी बोलताय, म्हणाली. हात जोडतो, एकदा बोलवा की हो— मी रडतो आहे. तिच्यासारखाच. या वेळी लाइन तुटली नाही.

लेथ थांबले. भोंगा. शिफ्ट सुटली. पावलं येताहेत, बोर्डाशी थांबली. ज्योतीरामचा आवाज. धाप लागलेली. माझा फोन आला होता का?

आला होता. ज्योतीराम, आला होता, तीनदा, तिने तीनदा लावला होता, ती खोटं नाही— ऐक, मी इकडे आहे—

तिकडे मी घसा साफ केला. तिकडे मी म्हणतो आहे, फोन आलाच—