आत्याबाईंची गोल मानेत

प्रिय आत्याबाई,

तुमचा मुलगा परवा विमानानं पॅरिसला परत गेला. तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, शेजारून आणलेली पातेली घासून पोचवली. आज फॅक्टरीतून आले आणि खुर्चीत नुसती बसून राहिले. चप्पल काढायचंही जिवावर आलं. मग वाटलं, तुम्हालाच लिहावं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

जायच्या आधी त्यानं टीव्हीखालची गेमची पेटी पाहिली. म्हणाला, "ही अजून आहे? फेकून दे, सुमती. आता नव्या यंत्रांची हातात धरायची मानेत चपटी असते, नुसत्या अंगठ्यानं चालते. हे असले दांडे आता कोण हलवतं?"

त्यानंच ती पेटी पाठवली होती, ऐंशी सालच्या आसपास. तिच्यापायी या घरात काय काय झालं, ते त्याला कुठं ठाऊक आहे?

आठवतं, ती आली तो दिवस? लग्न होऊन मी क्युरपिपला आले आणि वर्षभरात तो फ्रान्सला कामाला गेला. त्यालाही तीन वर्षं झाली होती. घरात आपण दोघी, बाहेर पाऊस, आणि बोलणं म्हणजे मीठ जास्त पडलं की कमी, एवढंच. गावातला एक जण तिकडून सुट्टीवर आला, त्यानं खोकं आणून दिलं. मी म्हटलं, हिला फ्रेंचमध्ये मानेत म्हणतात, ही हातात धरून खेळायचं. तुम्ही म्हणालात, "दांडा म्हण की सरळ. आणि असलं खेळायला मी काय पोर हाय?"

आठवडाभर तुम्ही पाठ फिरवून भाजी निवडलीत. मग एके दुपारी मी विहिरीवरून आले, तर तुम्ही टीव्हीसमोर.

दांड्याची मानेत तुम्हाला कधीच आवडली नाही. डावीकडे ढकलली की मनगट दुखायचं, आणि ते बटण दाबून दाबून अंगठा बधिर व्हायचा. पण पेटीत दुसरी जोडी होती, गोल खुंटीची. ती तुम्ही दोन बोटांत धरलीत आणि अशी हलकेच फिरवलीत, की मी बघतच राहिले. बावीस वर्षं चहाची पानं खुडलेली बोटं ती. भिंत फोडायच्या खेळात चेंडू कुठूनही येवो, तुमची पट्टी खाली हजर.

टीव्ही आपला काळा-पांढरा, म्हणून भिंतीचे थर नुसते करडे दिसायचे. तुम्ही म्हणायचात, ह्या चहाच्या ओळी हायत, वरची ओळ अजून खुडायची ऱ्हायली.

मला रणगाड्याचा खेळ आवडायचा. तुम्हाला तो पटायचा नाही. "भिंतीआड लपून मारतीस, ह्यात काय मोठं?" आणि भुतांच्या भुलभुलैयाला तर तुम्ही हातही लावला नाही. भुतं लुकलुकतात, डोळ्यांत पाणी येतं, घाईघाईत बनवलेलं काम हाय, असं तुमचं म्हणणं. शेजारची माधुरी तिच्या भावाकडून शिकून आली आणि म्हणाली, तोच सगळ्यात भारी खेळ. तिच्याशी तुम्ही तासभर वाद घातलात. मी तेव्हा स्वयंपाकघरात हसत होते. या घरात मी पहिल्यांदाच हसले असेन.

त्याची पत्रं तुमच्या नावानं यायची आणि मी वाचून दाखवायची. एक पत्र मात्र तुम्ही मला दिलं नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून वाचून घेतलंत. मला ते कळलं होतं. मी वाट पाहिली. चार महिने.

मग एका दुपारी, खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता मी विचारलं, "त्या पत्रात काय होतं, आत्याबाई?"

तुम्हीही माझ्याकडे पाहिलं नाहीत. "तो येनार न्हाई. तिकडं बाई केलीया. पोरगं पन झालंय."

चेंडू खाली गेला. तुम्ही पुढचा सोडलात. तोही गेला.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग मी कुनासंगं खेळू?"

त्या उत्तराचा मला किती राग आला होता! माझं आयुष्य चार महिने तुमच्या पदराच्या गाठीत, आणि तुम्हाला खेळाची पडलेली? दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन बेटाच्या पूर्वेला, सांत्र द फ्लाकजवळ माहेरी निघून गेले. तुम्ही अडवलं नाहीत. मी मागं वळून पाहिलं नाही. आज तेच टोचतं.

महिनाभरानं तुम्ही आलात. दोन बस बदलून, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, पावसात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. आईनं चहा दिला, तो तुम्ही तसाच ठेवलात. पिशवीतून गोल मानेत काढून माझ्यापुढं धरलीत.

"बिघडली. पट्टी थरथरती. तुझ्याबिगर कोन बघनार?"

मी स्क्रू काढले. आत धूळ साचली होती. चिंधीला स्पिरिट लावून पुसली, परत बसवली. "झाली," म्हटलं.

"इथं कसं कळंल? पेटी तर घरी हाय." मग तुम्ही म्हणालात, "मी चुकले, बेटी. त्यानं सोडलं तुला. मी न्हाई सोडलं."

अंगणात आई होती, भाऊ होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात.

मी लगेच आले नाही, हे खरं. चार दिवस तुम्हाला बसवून ठेवलं आणि अट घातली, मी स्वेटरच्या फॅक्टरीत काम धरणार, कुणी आडवं यायचं नाही. तुम्ही म्हणालात, "डबा मी करीन." आणि शेवटच्या आजारपणापर्यंत केलात.

त्यानं घटस्फोटाचे कागद पाठवले, मी सह्या केल्या, सून म्हणायलाही नातं उरलं नाही. तरी मी कामावरून आले की तुम्ही दोन मानेती पुसून ठेवलेल्या असायच्या. मी कित्येकदा म्हणायची, आज नको, दमले. किती वेळा म्हटलं असेन मी ते? तुम्ही एकट्याच खेळायचात, आवाज बंद करून.

परवा अंगणात टॅक्सी उभी असताना त्यानं विचारलं, "आई माझी आठवण काढायची का?" मी सांगितलं, काढायची. खोटं नव्हतं ते. मग म्हणाला, "तू आता इथं कशाला राहतेस? तुझं कोण आहे इथं?" मी त्याला म्हटलं, "माझं घर आहे." टॅक्सी गेली. मी फाटक लावून घेतलं.

त्या चार महिन्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, आत्याबाई. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण तुमच्यावर रागवायला आता अंगात ताकद नाही, आणि मनही नाही. एक वचन देते. उद्या सुट्टी मागून घेतली आहे. दार लावीन, पोटभर झोपीन, आणि उठल्यावर एकटीसाठी का होईना, ताजा भात टाकीन. तुम्ही गेल्यापासून खाते तसं उभ्यानं खाणार नाही. ताट घेऊन बसेन.

तुमची,
सुमती