सईने एकटीने केलेलं बाळंतपण

शुक्रवार, १६ जानेवारी. हवल्ली, कुवेत.

आज लिहायचंच आहे. माझ्या सईने एकटीने एका बाईचं बाळंतपण केलं! कॅनडाच्या पार उत्तरेला, तळं आणि हायवे यांच्यामधलं तिचं ते चाळीस माणसांचं गाव. बर्फाने हायवे बंद, बाळ पायाळू, आणि दवाखान्यात नर्स म्हणून ही एकटीच. डॉक्टर फोनवरून सांगत होते, तोही मध्येच बंद पडला.

"मग गं?" मी विचारलं.

"आई, घाबरायला वेळच नव्हता. बाळ रडलं, मग मी रडले."

चाळीस माणसं! यावरूनच हे तिच्याशी दोन महिने बोलले नव्हते. इथली मोठी हॉस्पिटलं सोडून तिथे कशाला, म्हणून. मी तरी तेव्हा गप्प का बसले?

आज ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "शाबास, पोरी."

मग मला घेऊन खाली गेले आणि इमारतीच्या इजिप्शियन वॉचमनला मोडक्या अरबीत मुलीचा पराक्रम सांगू लागले. तो "मबरूक, मबरूक" असं अभिनंदन करत गळ्यातच पडला. त्याला वाटलं, आम्हालाच नात झाली. ह्यांनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. मीही नाही.