शेवटच्या रांगेतली जागा

येना, जानेवारी

प्रिय कुहू,

सकाळपासून नदीवर धुकं बसलंय आणि उठायचं नाव घेत नाही. समोरच्या टेकडीचा नुसता माथा दिसतोय, खाली काही नाहीच. टेकडी कुणीतरी हवेत ठेवून विसरून गेल्यासारखी वाटते. मी आज रजा टाकलीय. चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीशी बसलेय आणि तुला पत्र लिहितेय. हो, कागदावर, मराठीत. फोनवर तू होकाराचं 'गेनाऊ' दोनदा म्हणतेस, तेवढ्यात लॅबमधून तुला कुणीतरी हाक मारतं आणि आपलं बोलणं संपतं. देवनागरी मात्र तुला अजून अक्षर अक्षर लावत वाचावी लागते. लेकीने आईचं बोलणं सावकाश ऐकावं म्हणून एवढा एकच उपाय माझ्या हातात उरलाय. उत्तर जर्मनमध्ये दे, माझी तक्रार नाही.

तू मागच्या रविवारी म्हणालीस की फेब्रुवारीत तुझ्या डॉक्टरेटच्या जाहीर परीक्षेला आम्ही आलो नाही तरी चालेल. चिडून म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी कडकडून भांडले असते. पण तू थकून म्हणालीस. पापाला ऑक्टोबरात झाला तसा त्रास पुन्हा नको, असं म्हणालीस आणि लगेच गार्चिंगला किती बर्फ पडलाय ते सांगायला लागलीस. अगदी त्याचीच लेक आहेस. मनातलं बोलायची वेळ आली की दोघंही हवामानावर येता. गेले तीन महिने तुमच्या दोघांच्या फोनवरून मला बव्हेरियाचं हवामान पाठ झालंय.

ऑक्टोबरचं आता बोलूया. तुमच्या ग्रुपने ते प्रदर्शन लावलं तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता, हे मी तुला धड सांगितलंच नाही. तू आणि अर्लेट, दोघींनी मिळून ब्लॅक केमिस्ट विद्यार्थ्यांसाठी उभा केलेला हा ग्रुप. कॅमेरूनहून, घानाहून नव्याने आलेल्या मुलांना खोली शोधून द्यायची, पत्ता नोंदवायला आनमेल्डुंगच्या रांगेत त्यांच्यासोबत उभं राहायचं, ज्यांचे केस लॅबमधल्या क्लीनरूमच्या टोपीत मावत नाहीत त्यांच्यासाठी मोठ्या टोप्या मागवायला लावायच्या. या टोप्यांसाठी तू कुणाकुणाशी वाद घातलास ते ऐकून मी आणि पापा स्वयंपाकघरात हसत होतो. हसता हसता तो कांदा चिरायला वळला आणि चिरतच राहिला.

त्या कॉरिडॉरमध्ये ब्लॅक केमिस्टांच्या फोटोंची रांग होती आणि शेवटी त्याचा फोटो होता, तरुणपणीचा, आपल्या अल्बममधून तू गुपचूप नेलेला. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना तुला? तो टाय लावून आला होता. फोटोखाली तू लिहिलं होतंस की डॉक्टरेट झाल्यावर या माणसाला संशोधनात कुठेच जागा मिळाली नाही आणि रसायनशास्त्राने एक शास्त्रज्ञ गमावला. त्यात खोटं काही नव्हतं. त्याने ते वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि कॉफी चांगली आहे म्हणाला. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. न्यूर्नबर्ग गेल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, की नीला, मी हरवलो होतो का?

मी दिवसभर कारखान्यात भिंगांवरचे ओरखडे शोधणारी बाई. भिंग जरा तिरकं धरलं की समोरून न दिसणारी रेघ दिसते, एवढंच माझं कौशल्य. तुझी ती ओळ समोरून स्वच्छ होती, बाळा. पापा जिथे उभा होता तिथून तिच्यावर ओरखडा होता. तू त्याच्यावर झालेला अन्याय लिहिलास आणि त्याने वाचलं, की त्यानंतरचं सगळं आयुष्य बाद. आपल्याच माणसाला ठेच लागावी असा गौरव आपल्यासारख्या घरातच होऊ शकतो. आम्ही तुला कधी नीट काही सांगितलं नाही, तू तरी कुठून लिहिणार?

तुझ्या खोलीच्या खिडकीत आत्ताही तुरटीच्या बरण्या आहेत. दर हिवाळ्यासारख्या. पापा शिकवतो त्या शाळेतली नववीची मुलं तुरटीच्या पाण्यात दोरा सोडून स्फटिक वाढवतात आणि ज्यांच्या घरी लहान भावंडं धिंगाणा घालतात त्यांच्या बरण्या हा माणूस आपल्या घरी आणतो. लहानपणी तुला त्या खिडकीला हात लावायची बंदी होती. तू नाक काचेपासून चार बोटं लांब ठेवून, श्वास धरून बघत बसायचीस आणि मग दम लागल्यावर हॉलमध्ये पळायचीस. दुपारी ऊन आलं की भिंतीवर पाण्याचे उजेड हलायचे आणि तू म्हणायचीस की पापाने समुद्र आणलाय. कधीकधी मला अजून दुपारच्या डुलकीत वाटतं की तू तिथेच बसली आहेस, श्वास धरून. काल एका बरणीतला स्फटिक पूर्ण झाला. नखाएवढाच आहे, पण आरपार दिसतो.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. मागच्या शनिवारी अर्लेट येनाला आली होती. तुला न सांगता. चिडू नकोस तिच्यावर, तू परीक्षा देऊन बाहेर पडलीस की ग्रुपची धुरा तिच्या एकटीवर येणार आहे आणि तिला एक काम अर्धवट ठेवायचं नव्हतं. कोपऱ्यावरून तिने मला फोन केला, की येऊ का? मी पोहे टाकले. पापा तिला बघून उठून उभा राहिला, जणू इन्स्पेक्शनच आलंय. तिने पिशवीतून त्याचा फोटो काढून टेबलावर ठेवला. खालची ओळ काढून टाकली होती. तिथे काय लिहू, हे तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली.

त्याने फोटो टेबलावर सरळ करून ठेवला. मग तिला खिडकीशी घेऊन गेला आणि बरण्या दाखवल्या. तिने त्याला त्याच्या जुन्या दिवसांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दोरा कसला घेता, पाणी किती गरम, मुलं घाई करतात तेव्हा काय करता, हे विचारत राहिली. मी दारात उभी राहून ऐकत होते. कुहू, हा माणूस तासभर बोलला. आपण त्याच्या तोंडून एवढं शेवटचं कधी ऐकलं? शेवटी त्याने तिला सांगितलं की फोटोखाली लिही, शिक्षक, येना. आणि बाकीची जागा कोरी सोड.

निघताना ती सहज म्हणाली की शेवटच्या रांगेची कल्पना तुमचीच, म्हणून तुमच्याशिवाय ती फोटोंची भिंत पुरी होणार नाही. पापाला काही कळेना. मग तिने त्याला तुमच्या ग्रुपची रीत समजावून सांगितली. आपल्यातल्या कुणाचंही सेमिनार असो, परीक्षा असो, आपल्यातलं कुणीतरी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. विषय कळला नाही तरी चालेल, प्रश्न विचारायचा नाही, टाळ्यांची घाई करायची नाही. बोलणाऱ्याने मान वर केली की एक ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे, बस. आणि ही रीत तू सुरू केलीस, तुझ्या पापाच्या परीक्षेला शेवटच्या रांगेत एक अनोळखी मुलगी बसली होती म्हणून. हे तू ग्रुपच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं होतंस म्हणे. घरी नाही सांगितलंस ते! पापाने धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. ती गेल्यावर तो बराच वेळ सिंकपाशी उभा होता. मी जवळ गेले तर नळ बंद होता.

ती अनोळखी मुलगी म्हणजे तुझी आई, हे तुला ठाऊकच आहे. पुण्याहून नुकतीच आलेली, जर्मनच्या वर्गाचा हॉल शोधताना भलत्याच दारात शिरलेली. मधूनच उठणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून बसून राहिले आणि हॉलमधल्या उबेत डोळे मिटायला लागले. एवढं आम्ही तुला हजारदा सांगितलंय आणि तू हजारदा हसली आहेस. घानाच्या रिवाजाप्रमाणे मंगळवारी जन्मला म्हणून पापाचं नाव क्वाबेना, हे कळल्यावर माझ्या आईला आधी पत्रिकेतला मंगळ आठवला, तेही सांगून झालंय. पुढचं आम्ही कधी बोललो नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाची परीक्षा झाली होती. त्याच्या सोबत्यांनी त्याला इथल्या रीतीप्रमाणे पुठ्ठ्याची मोठी डॉक्टरची हॅट घातली होती, वर छोट्या बाटल्या, रबरी नळ्या, सायकलची घंटी असं काय काय चिकटवलेलं, आणि फुलं लावलेल्या हातगाडीत बसवून ते त्याला मिरवत होते. मला वाटलं, प्रत्येकालाच मिळत असणार. मग क्वाबेना बाहेर आला. त्याच्या लॅबमधल्यांनी एकेक करून हात मिळवला आणि सगळे जेवायला निघून गेले. तो भिंतीशी कागदांच्या कडा जुळवत उभा राहिला. कडा जुळलेल्याच होत्या.

माझं जर्मन तेव्हा नमस्कार आणि धन्यवादाइतकं. काय बोलणार? माझ्या डोक्यावर आईने बॅगेत कोंबलेली चॉकलेटी माकडटोपी होती. ती मी काढली आणि त्याच्या हातात दिली. हे काय आहे ते त्याला कळलं नाही, पण का आहे ते कळलं. सुटाबुटावर त्याने ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि तशीच घालून भर गावातून माझ्यासोबत स्टेशनपर्यंत चालत आला. बर्फ पडत होता, लोक वळून बघत होते आणि आम्ही दोघं एकमेकांची भाषा येत नसताना पोट धरून हसत होतो. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढा रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. दुकानांच्या पाट्यासुद्धा पिवळ्या उजेडात दिसतात.

ती टोपी तुझ्या चांगलीच ओळखीची आहे. शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर तू त्याला ती काढायला लावायचीस, मैत्रिणी हसतील म्हणून. तोही निमूट काढून खिशात ठेवायचा. यात तुझं काही चुकलं नाही गं, माकडटोपी आहेच तशी. फक्त तुला आज कळावं, की तुझ्या पापाची डॉक्टरची हॅट ती आहे. दर हिवाळ्यात तो ती घालतो आणि मी दर हिवाळ्यात तिचं एक नवं भोक रफू करते.

काल संध्याकाळी त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, की या वेळी जरा नीट शिवून दे. मग तिथेच घुटमळला. कुहूला विचारशील का, म्हणाला, मी आलो तर चालेल का? पुढे बसणार नाही, कुणाला माझं नाव सांगू नको म्हणावं, भेटायला धावत येऊ नको म्हणावं, मी आपला शेवटच्या रांगेत बसेन. डॉक्टरेटच्या दिवसानंतर या माणसाने कुठल्याही विद्यापीठाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलेलं नाही, आणि आता दारात उभं राहून लेकीची परवानगी मागतोय. फोनवर त्याला हे जमणार नाही, तो बर्फाच्या गप्पांवरच येईल. म्हणून हे पत्र. हो की नाही, तेवढं त्यालाच कळव, मला नको. तो नखाएवढा स्फटिक पापा आज अर्लेटकडे पाठवतोय, तुझ्या हॅटवर लावायला; हे मी सांगायला नको होतं, तोंड उघडू नकोस. आणि 'ये' म्हणालीस, तर त्या दिवशी बोलताना मान वर कर. शेवटच्या रांगेत माकडटोपी दिसेल. हसू आलं तर येऊ दे, पण थांबू नकोस. त्याने त्याच्या दिवशी सगळं भाषण माझ्याकडे बघून केलं होतं. तू तुझं त्याच्याकडे बघून कर.

तुझीच, वाट चुकून बरोबर हॉलमध्ये शिरलेली,
आई