पहिल्या पाळीचा व्हॉल्व्ह

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा मी केली! दादाभाऊंच्या टोमॅटो पल्पच्या कारखान्यातल्या सगळ्या मशिनरीची पूजा, मी!

दरवर्षी हौशीराम काका करतात. पहिल्या पाळीचे ऑपरेटर, बावीस वर्षं त्याच एका मशीनसमोर. आज त्यांनी हळदीकुंकवाची वाटी उचलून सरळ माझ्या हातात दिली. म्हणाले, "वर्षभर ह्यांची दुखणी तूच काढती. मंग पूजाबी तूच कर."

भरत जाऊन चार वर्षं झाली. नवरा गेलेल्या बाईने कुंकवाच्या वाटीला हात लावायचा म्हणजे... टोमॅटो निवडणाऱ्या बायकांमधल्या सारजाबाईने तोंड फिरवलं, ते मला दिसलं. फिरवू दे. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. भरतच्या दहाव्याला "नारायणगावचा गाळा बंद कर, बाईचं काम नाही ते" म्हणणारे असलेच लोक होते. आज डेअऱ्या, कोल्ड स्टोरेज, कारखाने धरून अकरा ठिकाणी सेन्सर नाहीतर मीटर बिघडला की फोन मलाच येतो. आम्ही बसवतो तो माल काही एसीत बसून काम करणारा नाही. वाफ, ॲसिड, धूळ, पाण्याचा मारा — सगळं अंगावर घेऊन त्याने आकडा खरा सांगायचा. माझंही तसंच आहे म्हणा!

एक युक्ती केली. उभ्या लोखंडावर हळदकुंकू टिकत नाही, तासाभरात झडतं. म्हणून सासूबाईंची मेणाची डबी नेली होती. त्या अजून जुन्या पद्धतीने आधी मेण लावतात, मग वर कुंकू. दिवसभर हलत नाही. मीही तसंच केलं — पॅनेल, पंप, कॉम्प्रेसर, स्टीमचा मोठा व्हॉल्व्ह, प्रत्येकावर मेणाची पाच बोटं आणि त्यावर कुंकू. काका बघतच राहिले. डोकं लागतं!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना चालू झाला आणि सकाळी साडेआठला दादाभाऊंचा फोन. पल्प जळाला. पंच्याण्णव डिग्रीवर थांबायचा तो एकशे दहापर्यंत गेला. लाल रंग जाऊन विटकरी. अख्खी बॅच फेकली.

डेअरीचं काम आटपून दुपारी दोनला पोचले. सगळं व्यवस्थित. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी होतं असं कधी कधी.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजही जळाला. सकाळीच.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी तीन तास घालवले. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात घातला — आकडा बरोबर. ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन केलं — दशांशाचाही फरक नाही. वायरिंग बघितलं, जंक्शन बॉक्स उघडला, आत पाण्याचा थेंब नाही. स्टीमचा व्हॉल्व्ह स्क्रीनवरून उघडला, बंद केला, दहा वेळा. कसा चालतो म्हणून सांगू! लोण्यासारखा.

मी बसवलेल्या वस्तूत दोष नाही. हे मी दादाभाऊंना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मंग काय भूत हाय का, जया?" मी म्हटलं, भुताचं माहीत नाही, माणसाचं बघा.

हे का म्हटलं ते लिहून ठेवते. तिन्ही वेळा — आजही सकाळी जळाला — पल्प पहिल्या पाळीतच जळतो. दुसऱ्या पाळीला आदेश असतो, पंचविशीतला, आयटीआय केलेला. त्याच्या पाळीत एकदाही नाही. मशीन तेच, टोमॅटो तेच, वाफ तीच. बदलतो तो माणूस.

८ ऑक्टोबर, बुधवार

मोठ्या व्हॉल्व्हच्या बाजूने एक बायपास आहे. हाताने खोलायचा जुना व्हॉल्व्ह. ऑटोमॅटिक यायच्या आधी काका त्यावरच वाफ सोडायचे, हात लावून, आवाज ऐकून. नवीन पॅनेल बसलं तेव्हा वर्षभर कुरकुरत होते — "ह्या डब्याला काय कळतंय राव टमाट्यातलं?" सकाळी मशीन गार असतं, तापायला वेळ लागतो. जुनी खोड. थोडा बायपास खोलायचा, मग विसरायचं. साठी जवळ आली आहे, होतं.

आदेशला विचारलं. तो म्हणाला, "मी न्हाई बघितलं मॅडम, पन काकांचा हात तिकडं जातोच." मला तेवढं पुरे होतं.

वाईट वाटतं. भरत गेल्यावर पहिलं काम मला काकांनीच मिळवून दिलं. दादाभाऊ नको म्हणत होते, काका धरून बसले. पण काम म्हणजे काम. रिपोर्टात खोटं लिहिणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट दिला. "उपकरणांत बिघाड नाही. हाताचा बायपास उघडा राहिल्याची शक्यता." खाली सही, शिक्का.

दादाभाऊंनी ऑफिसात बोलावलं. मी, आदेश, काका. खिडकीबाहेर बायकांची जेवणाची सुट्टी चाललेली, सारजाबाई वगैरे खिडकीला कान लावूनच बसलेल्या. दादाभाऊंनी रिपोर्ट वाचून दाखवला. मला वाटलं काका उसळतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

काकांनी एकदा खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय. म्याच खोलला व्हता बायपास. ध्यानात न्हाई ऱ्हायलं." जरा मोठ्यानेच म्हणाले.

झालं. दादाभाऊ म्हणाले, उद्यापासून घरी बसा, दिवाळीनंतर बघू. बावीस वर्षं सांभाळलेली मशीनघराची किल्ली काकांनी टेबलावर ठेवली. जाताना माझ्यावर रागावलेही नाहीत. "आदेशला सकाळचं शिकव नीट" एवढंच बोलले.

माझं निदान बरोबर निघालं. तरी जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आदेश पहिल्या पाळीला. टोमॅटोची गाडी उशिरा आली; वाफ सकाळपासून चालू, पण लाइन अकराला चालू. एकही बॅच जळली नाही. आता कुणी शंका काढावी!

१३ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी गाडीच आली नव्हती. आज जळाला. सकाळी पावणेआठला. आदेशच्या पाळीत.

आदेश फोनवर रडकुंडीला आलेला. बायपासला हातसुद्धा लावला नाही म्हणतो, आईची शपथ घेतली. मला शपथ नको होती. मला सकाळ हवी होती. इतके दिवस मी जायचे दुपारी, दुखणं यायचं सकाळी. ताप उतरल्यावर नाडी बघायला जाणारी डॉक्टर मी!

उद्या साडेसहाला तिथे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं.

सकाळी मशीन गार. आदेशने वाफ सोडली, पंच्याण्णव झाले, स्क्रीनने व्हॉल्व्हला "बंद हो" सांगितलं. व्हॉल्व्ह ढिम्म! अर्धा उघडाच. मी शिडीवर चढले, कान लावला. हा व्हॉल्व्ह हवेवर चालतो. हवा आत ढकलली की उघडतो, आणि बंद व्हायचं तर तीच हवा वरच्या डबीतल्या एका बारीक भोकातून बाहेर पडावी लागते. फुस्स असा आवाज येतो. आवाजच नाही. भोकावर बोट फिरवलं. गुळगुळीत, लाल.

मेण. वर कुंकू.

रात्री सगळं गार झालं की मेण घट्ट होऊन भोक बुजवतं. दुपारपर्यंत वाफेने डबी तापते, मेण मऊ पडतं, हवा वाट काढते. मी दुपारी जाणार आणि "लोण्यासारखा चालतो" म्हणणार! टाचणीने मेण काढलं. फुस्स. व्हॉल्व्ह खाडकन बंद.

मग बायपासकडे गेले. आज पहिल्यांदा हात लावला त्याला. हलेना. पाना लावून आदेशने आणि मी जोर केला, तरी नाही. दांडा गंजून एकजीव झालेला, दोन वर्षांत फिरलेलाच नाही. फिरणं शक्यच नाही.

म्हणजे काकांनी बायपास खोललाच नव्हता. आणि मी हात न लावता सही-शिक्क्यासकट लिहून दिलं. लाज वाटते. भरत असता तर म्हणाला असता, आधी हात, मग तोंड.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आदेशला काल "हवेच्या लाइनीत घाण होती" एवढंच सांगितलं होतं. शिडीवर मी एकटीच होते. मेणाचं कुणाला कळायचं कारण नाही. आज पल्प झकास निघाला. गप्प बसले तर विषय इथेच मिटतो.

नाही मिटत. काका घरी बसलेत.

आणि रागही येतो त्यांचा. खोटं का बोलले? बावीस वर्षांचा माणूस, "न्हाई खोलला" म्हणायला काय झालं होतं? म्हणाले असते तर मी पुन्हा तपासलं असतं, चार दिवस आधी सापडलं असतं. बाईमाणसाशी वाद नको म्हणून मान तुकवली की काय? तसं असेल तर मला नको असली दया.

संध्याकाळी दादाभाऊंना सगळं सांगितलं. मेण, कुंकू, माझा रिपोर्ट, सगळं. ते म्हणाले, काकांना मी उद्याच फोन करतो, पण बाहेर सांगताना हवेच्या लाइनीचंच सांगू. मी म्हटलं, का म्हणून? काकांचं नाव सगळ्यांच्या कानांवर गेलं, ते सगळ्यांसमोरच परत द्यायचं.

"लोक कशाचं काय करत्यात तुला ठावं न्हाई, जया."

मला लोक चांगले ठाऊक आहेत. माझी चूक मी झाकणार नाही. झाकायला लागले तर माझ्या शिक्क्याला किंमत काय?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं! सकाळी सातला, पहिली पाळी आत जायच्या वेळी, गेटपाशी. पन्नासेक माणसं असतील. म्हटलं, हौशीराम काकांनी काही केलेलं नाही. बायपास गंजलेला आहे, कुणीही जाऊन फिरवून बघा. व्हॉल्व्हचं भोक बुजलं होतं. खंडेनवमीला मी मेण लावलं, त्यावर कुंकू, त्यानेच. काका सोमवारपासून कामावर येतील.

बायका एकमेकींकडे बघत होत्या. इतकं सरळ कुणी बोलतं याची सवय नसते लोकांना! मग सारजाबाई पुढे आली. "म्हंजी त्या दिवशीच्या कुंकवानंच झालं म्हना की," म्हणाली.

मी हसून म्हटलं, "हो, कुंकवानंच. माझ्याच हातानं. लपवायचं काय त्यात?"

ती मान हलवत आत गेली. पटलं असावं. दादाभाऊ मात्र माझ्याकडे न बघता गाडीत बसले. बसू देत.

फार हलकं वाटतंय. चार वर्षांत इतकं ताठ मानेने कुठे उभी राहिले नव्हते. उद्या बेल्ह्याला जाते. काकांची माफी मागायची, आणि खोटं का बोललात हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आळेफाट्यावरून स्कूटी वळवली, अकराला काकांच्या दारात. काका गोठ्यात. माझी माफी ऐकून घेतली, "चालायचंच" म्हणाले. खोटं का बोललात विचारलं तर वैरण टाकायला निघून गेले. शेवटी त्यांच्या बायकोने, धोंडाबाईंनी, चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं.

"पयल्या दिवसापासनं बाया म्हनत व्हत्या, रांडवेच्या हातचं कुंकू मशीनला बाधलं. हिला आत घेऊ नका म्हनून मालकाकडं जानार व्हत्या. आदेशनं तुझ्या बायपासच्या संशयाचं सांगितलं, तवा हे घरी आलं नं म्हनले, धोंडे, खोलला म्हनतो म्याच बायपास. पोरीच्या कुंकवाचं नाव कुनाच्या तोंडी नको."

चहा तसाच राहिला. काल मी गेटवर उभी राहून पन्नास माणसांना हसत सांगितलं — हो, कुंकवानंच.